आधी उंदीर ‘नाही’ म्हणतो

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी लिहून गेले होते, की ग्रंथालयाच्या बालविभागात एकतीस वर्षं गोष्टी सांगितल्या, त्यांत सगळ्यात जास्त वेळा सांगितली ती पंचतंत्रातली कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांची गोष्ट. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की हा महिना त्याच गोष्टीला दिला आहे.

ज्यांना गोष्ट पुसट आठवते त्यांच्यासाठी थोडक्यात. जाळ्यात सापडलेली कबुतरं एकजुटीने जाळ्यासकट उडतात आणि आपल्या राजाचा मित्र असलेल्या हिरण्यक उंदराकडे जातात. तो जाळं कुरतडून त्यांना सोडवतो. हे सगळं लघुपतनक नावाचा कावळा वरून पाहतो आणि या उंदराशी मैत्री करायचीच असं ठरवतो. पुढे दोघं मंथरक कासवाच्या तळ्याकाठी राहायला जातात. तिथे चित्रांग हरीण येऊन मिळतं. एके दिवशी हरीण फासात अडकतं, उंदीर फास तोडतो, पण मागून हळूहळू आलेलं कासव शिकाऱ्याच्या हाती लागतं. मग हरीण पाण्याकाठी मेल्यासारखं पडतं, कावळा त्याच्या डोळ्याला टोचा मारल्यासारखं करतो, शिकारी कासव खाली टाकून हरणाकडे धावतो आणि तेवढ्यात उंदीर कासवाचं बंधन तोडतो. कासव पाण्यात, हरीण रानात.

प्रश्न : माझी नात साडेपाच वर्षांची आहे. गेले तीन महिने रोज रात्री हीच गोष्ट. मी दुसरी सुरू केली की म्हणते, “आजोबा, उंदराची.” शेवट तिला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. मग ती रोज ऐकते तरी काय? आणि एवढी जुनी गोष्ट आजच्या मुलांनाही का धरून ठेवते?
– एक आजोबा

आजोबा, आज रात्री गोष्ट सांगताना तिच्या हातांकडे बघा. मी इतकी वर्षं मुलांच्या हातांकडेच बघत आले. तोंडाने मुलं काहीही सांगतात, हात मात्र खरं सांगतात. धनुष्याला बांधलेलं कासव आलं की मुलं ओरडतात, पुढे सरकतात, शेजारच्याला ढोसतात. तो गोष्टीचा गाजावाजा. पण सगळे हात एकदम थांबतात ते फार आधी, उंदराच्या बिळाच्या तोंडाशी.

कावळा बिळाशी येऊन हाक मारतो. उंदीर आतूनच विचारतो, कोण? मी लघुपतनक, कावळा. हे ऐकल्यावर उंदीर बाहेर येत नाही, तो आणखी आत सरकतो आणि म्हणतो, इथून लवकर जा. कावळा म्हणतो, मला तुझ्याशी मैत्री करायची आहे. उंदीर म्हणतो, तू खाणारा आणि मी तुझं खाणं, आपली कसली मैत्री?

माझ्या मते ही गोष्ट इथे टिकली. मैत्रीच्या बहुतेक गोष्टींत दोन प्राणी पहिल्याच पानावर मित्र असतात, ‘एक होता ससा आणि एक होती खार, दोघांची गट्टी होती’ म्हणून सुरुवात होते. गट्टी जमली कशी हे कोणी सांगत नाही. आणि लहान मुलाला नेमकं तेच हवं असतं, कारण त्याच्या आयुष्यात ते रोज नव्याने घडतं. बागेत गेलं की अनोळखी मुलं, वर्गात गेलं की अनोळखी बाक. आपण जवळ गेलो तर समोरचा काय करेल हे त्याला कळत नसतं. या गोष्टीत ते न कळणं मोकळेपणाने बोलून दाखवलं आहे, तेही दोन्ही बाजूंनी.

एकदा मी इथेच चुकले होते. पावसामुळे मुलं उशिरा जमली होती, वेळ थोडा होता, म्हणून मी म्हणून गेले, “मग कावळ्याची आणि उंदराची मैत्री झाली.” पहिल्या रांगेत सातेक वर्षांची एक मुलगी बसायची. वेणीच्या रिबिनीचं टोक तोंडात धरून ऐकायची सवय होती तिला. तिने टोक तोंडातून काढलं आणि म्हणाली, “अशी कशी झाली? उंदीर घाबरला नाही?” मी मागे गेले आणि बिळाचा सगळा संवाद सांगितला, कासवाचा शेवट पुढच्या शनिवारवर ढकलला. त्या वर्षी ती नव्या शाळेत आली होती, हे मला नंतर कळलं.

नकारानंतर येते ती अट. कावळा दारातून हलत नाही, उपाशी बसेन म्हणतो. दोघांची लांबलचक बोलणी होतात. जन्मजात वैर कोणतं आणि कारणाने आलेलं वैर कोणतं, इथपर्यंत ते वाद घालतात. शेवटी उंदीर म्हणतो, बरं, तू खरं बोलणारा दिसतोस, मैत्री करू. पण माझ्या बिळात तू कधी पाऊल टाकायचं नाही. कावळा कबूल होतो. पुढे एकमेकांना खाऊ घालणं सुरू होतं. उंदीर आपल्याकडचे दाणे आणतो, कावळा आपल्या वाटणीचे तुकडे. पंचतंत्राने इथेच प्रेमाची सहा लक्षणं सांगितली आहेत : देणं, घेणं, मनातलं सांगणं, मनातलं विचारणं, खाणं आणि खाऊ घालणं. ‘ददाति प्रतिगृह्णाति’ हा तो श्लोक. घेणंही त्यात मोजलं आहे, याचं मला दर वेळी नव्याने बरं वाटतं. आणि शेवटी संस्कृतात म्हटलं आहे, की त्यांची मैत्री नख आणि मांस यांसारखी झाली, वेगळी न करता येण्यासारखी.

टिकण्याबद्दल विचारलंत म्हणून तेही सांगते. पंचतंत्राच्या पाच तंत्रांतलं हे दुसरं, ‘मित्रसंप्राप्ती’. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिर्वान बादशहासाठी बुर्झोय नावाच्या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं, ‘कलीला व दिम्ना’ या नावाने. तिथे हा भाग गळ्यात कंठी असलेल्या कबुतराच्या नावाने ओळखला जातो, म्हणजे आपल्या कबुतरांचा राजा चित्रग्रीव, ज्याची मान रंगीत तो. दहाव्या शतकात बसऱ्यात विद्वानांचं एक मंडळ होतं, ‘इख्वान अस-सफा’, निर्मळ मनाचे भाऊ. त्यांनी आपलं नाव याच प्रकरणातून उचललं, असं इग्नाझ गोल्डझिहर या अभ्यासकाने मांडलं. मोठ्या, लिहित्यावाचत्या माणसांनी स्वतःला नाव द्यायचं ठरवलं आणि ते उंदीर-कावळ्याच्या गोष्टीत सापडलं, ही कल्पनाच मला फार जवळची वाटते. पुढे ते अरबी पुस्तक हिब्रूतून लॅटिनमध्ये गेलं, तिथून युरोपभर पसरलं. इकडे 1199 साली पूर्णभद्र या जैन साधूने संस्कृत पंचतंत्र पुन्हा नीट लावलं आणि 1588 मध्ये अकबराच्या दरबारात अबुल फजलने फारसीत ‘इयार-ए-दानिश’ लिहिलं. या सगळ्या प्रवासात नावं बदलली, देव बदलले, पण अरबीतही उंदीर आधी नाहीच म्हणतो. ते कोणी काढलं नाही.

बाजारातल्या बारा पानी चित्रपुस्तकांनी मात्र ते काढलं आहे. तुमच्या नातीचं पुस्तक तसलं असेल तर ते बाजूला ठेवा आणि तोंडी सांगा. बिळातला उंदीर हळू आवाजात आणि कावळा बाहेरून मोठ्या आवाजात, एवढं केलंत तरी पुरे.

प्रश्न : लघुपतनक, हिरण्यक, मंथरक ही नावं चार-पाच वर्षांच्या मुलांना जड जातात. काळू, चिंकू, ढोलू असं काही केलं तर चालेल का?
– बालवाडीतल्या एक बाई

नका करू. मुलांना ‘टायरानोसॉरस’ जड जात नाही, तर ‘मंथरक’ काय जड जाणार?

ही नावं म्हणजे आधीच केलेली वर्णनं आहेत. लघुपतनक म्हणजे हलकं उडणारा. हिरण्यक सोन्याचा. मंथरक म्हणजे मंद, सावकाश चालणारा. चित्रांग म्हणजे अंगावर ठिपके असलेला. ‘मंथरक’ हे तुम्ही ओढून, थांबत म्हणा आणि ‘लघुपतनक’ एका झटक्यात. दोन दिवसांत मुलं तुमच्या आधी म्हणतील, चालूनही दाखवतील. चिंकूला चालता येत नाही.

प्रश्न : माझी मुलं सहा आणि नऊ वर्षांची. आम्ही त्यांना शिकवतो, की समोरचा ‘नाही’ म्हणाला की थांबायचं. मग उंदीर नाही म्हणत असताना कावळा दारात उपाशी बसतो, जीव देईन म्हणतो, हे मुलांना सांगावं का? ही मैत्री झाली की जबरदस्ती?
– एक आई

तुमचा प्रश्न मला आवडला, आणि तो मलाही छळत आलेला आहे. खरं सांगते, ‘मैत्री केली नाहीस तर इथेच प्राण सोडीन’ हे कावळ्याचं वाक्य मी मुलांसमोर सांगत नाही. जुन्या काळच्या साहित्यात प्रायोपवेशन, अन्न सोडून बसणं, हा आपलं म्हणणं खरं असल्याचा पुरावा मानला जाई. मोठ्या वाचकाला ते समजावता येतं. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात ते वाक्य गेलं, तर उद्या तो मित्राला म्हणेल, “खेळायला घेतलं नाहीस तर मी जेवणार नाही.” म्हणून मी एवढंच सांगते, की कावळा दाराबाहेर बसून राहिला आणि बोलत राहिला.

पण जबरदस्ती म्हणण्याआधी बिळाकडे एकदा नीट बघू या. पंचतंत्रात त्या बिळाला हजार तोंडं आहेत. पुढे नारायण पंडिताने ‘हितोपदेश’ लिहिला, तिथे शंभर दारं आहेत. म्हणजे उंदीर कोंडलेला नाही. त्याला मागच्या कुठल्याही तोंडातून निघून जाता आलं असतं, आणि कावळ्याला कळलंही नसतं. तो जात नाही, आतून ऐकत राहतो, प्रश्न विचारतो, उलटे मुद्दे काढतो. दार दुबळ्याच्या ताब्यात आहे. बलवान बाहेर उघड्यावर बसला आहे आणि त्याच्या हातात फक्त शब्द आहेत.

आणि होकार येतो तो अटीसह. बिळात पाऊल नाही म्हणजे नाही. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला हे जरूर सांगा, की मित्र झाल्यावरही उंदराने आपलं घर स्वतःकडेच ठेवलं आणि कावळ्याला त्याचा राग आला नाही. पुढे दोघं इतके जवळ येतात, की दुष्काळ पडल्यावर कावळा उंदराला पाठीवर घेऊन उडतो. कावळा म्हणतो, मला उडायच्या आठ तऱ्हा येतात, त्यातल्या सगळ्यात सावकाश तऱ्हेने नेईन. ज्याने दारातून हात बाहेर काढला नव्हता, तो आता त्याच्या पाठीवर आकाशात आहे. या दोन चित्रांच्या मध्ये किती दिवस गेले असतील, हे मुलांना विचारा. माझ्याकडे एकदा एक मुलगा म्हणाला, “शंभर.” शेजारची म्हणाली, “नाही, उन्हाळ्याची सुट्टी धरून शंभर.”

प्रश्न : मी सातवीत आहे. माझे दोन प्रश्न आहेत. 1) खरा कावळा खऱ्या उंदराशी मैत्री करेल का? 2) गोष्टीतल्या शिकाऱ्याच्या घरी त्या दिवशी काय शिजलं?
– इयत्ता सातवीतला वाचक

पहिल्याचं उत्तर, नाही. कावळ्याला उंदराचं पिल्लू सापडलं तर तो ते खातो. उंदीर बिळातून जे म्हणाला ते अगदी खरं होतं.

पण ही गोष्ट रचणाऱ्याने प्राणी फार बारकाईने पाहिले होते. मेलेल्या हरणाची युक्ती आठव. शिकारी जाणता आहे, हरीण पडलेलं दिसलं म्हणून तो लगेच फसणार नाही. तो फसतो कावळ्यामुळे. मेलेल्या जनावरावर कावळा आला की तो आधी मऊ जागा धरतो, आणि डोळा ही सगळ्यात मऊ जागा. जिवंत हरणाच्या अंगावर कावळा बसतो, गोचिडं टिपतो, पण त्याच्या डोळ्याला चोच लावत नाही. म्हणून शिकाऱ्याने कावळा डोळ्यापाशी पाहिला आणि त्याची खात्री पटली. आता त्या हरणाचा विचार कर. एवढी टोकदार चोच पापणीशी आहे आणि त्याने हलायचं नाही. श्वाससुद्धा दिसू द्यायचा नाही. मला सगळ्या गोष्टीत ते सगळ्यात अवघड काम वाटतं.

उंदराचे दातही खरे आहेत. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. दाताच्या पुढच्या बाजूला कडक कवच असतं, मागची बाजू मऊ असते. कुरतडताना मागची लवकर झिजते, म्हणून धार पटाशीसारखी राहते. तरीही सुरुवातीला कबुतरं सोडवताना तो राजाला म्हणतो, आधी तुझं बंधन तोडतो, माझे दात मधेच तुटले तर? तेव्हा चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या लोकांचं. कासव जमिनीवर सावकाश चालतं, म्हणूनच ते पकडलं जातं. चौघांतल्या कोणालाही रचणाऱ्याने जादू दिलेली नाही. ज्याच्यापाशी जे आहे तेवढंच. तंत्राच्या पहिल्याच श्लोकात ‘असाधना अपि’ असं म्हटलं आहे, हाताशी साधन नसलं तरी शहाण्यांची कामं होतात, कावळा-उंदीर-हरीण-कासवांसारखी. संस्कृतात हे चौघं मिळून एकच शब्द झाला आहे : काकाखुमृगकूर्म. आखु म्हणजे उंदीर. मोठ्याने म्हणून बघ, मजा येते.

दुसऱ्या प्रश्नावर मी तीन दिवस विचार केला. शिकारी हात हलवत घरी गेला, एवढंच गोष्ट सांगते. त्या घरी काय शिजलं ते ती सांगत नाही आणि मी बनवून सांगणार नाही. तू मात्र तो प्रश्न सोडू नकोस. एक मात्र सांगते. जुन्या मराठी पुस्तकांत या माणसाला सर्रास ‘पारधी’ म्हटलेलं असतं. मी तो शब्द या गोष्टीत वापरणं बंद केलं. पारधी नावाची खरी माणसं आहेत. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने त्यांच्यासारख्या अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का बसवला गेला, तो कायदा जायला 1952 उजाडलं, आणि शिक्का पुसायला अजून वेळ लागतो आहे. माझ्यासमोर बसलेल्या मुलांत त्या घरचं एखादं असेल, तर त्याने आपल्या आजोबांना या गोष्टीत दुष्ट म्हणून का भेटावं? म्हणून ‘शिकारी’. त्याच्या चुलीची आठवण तू काढलीस, मी इतक्या वर्षांत काढली नव्हती.

प्रश्न : ‘हितोपदेश’ आणि ‘पंचतंत्र’ यांतली ही गोष्ट एकच का?
– एक वाचक

सांगाडा एकच. पंचतंत्रात ती दक्षिणेतल्या महिलारोप्य नगराजवळच्या वडावर सुरू होते. हितोपदेशात सुरुवात आहे ‘अस्ति गोदावरीतीरे विशालः शाल्मलीतरुः’, गोदावरीच्या काठी सावरीचं मोठं झाड. लघुपतनक पहाटे जागा होतो तो त्या झाडावर. काटेसावर फुललेली बघितली की मला तो कावळा आठवतो.

प्रश्न : वयाची चौसष्टी झाली. मिस्टर गेले, मी मुलाकडे राहायला आले. इथे सगळं आहे, पण माझं म्हणावं असं माणूस नाही. नातवाला ही गोष्ट वाचून दाखवत होते आणि उंदराचं धन खणून नेतात तिथे माझा आवाज फुटेना. मागच्या महिन्यात धीर करून शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. चाळीस वर्षांनी. ती म्हणाली, “कोण?” आणि मी फोन ठेवून दिला. मुलांच्या गोष्टीने असं व्हावं का?
– आपली एक वाचक

ताई, तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण ते हातातून सुटेना.

ज्या जागी तुमचा आवाज अडला, ती जागा मुलांच्या पुस्तकांत बहुधा नसते. तुमच्या नातवाचं पुस्तक चांगलं आहे. बाकीच्यांसाठी सांगते : तळ्याकाठी आल्यावर कासव आणि कावळा उंदराला विचारतात, तू आपलं गाव का सोडलंस? तेव्हा तो आपली हकीकत सांगतो. ताम्रचूड नावाच्या एका संन्याशाच्या मठात त्याचं बीळ होतं. संन्यासी भिक्षेचं पात्र उंच खुंटीला टांगायचा, हा उडी मारून त्यातलं अन्न खायचा आणि आपल्या सगळ्या उंदरांना वाटायचा. एक पाहुणा येतो आणि म्हणतो, एवढ्या उंच उडीमागे काहीतरी आहे, याच्या बिळाखाली धन पुरलेलं असणार, त्याची ऊब याला बळ देते. दोघं मिळून बीळ खणतात आणि धन काढून नेतात. त्या रात्री हिरण्यक उडी मारतो, आणि ती खुंटीपर्यंत पोचत नाही. त्याच्या मागचे उंदीर ते बघतात. हा आता आपल्याला पोसू शकत नाही म्हणतात आणि एकेक करून निघून जातात.

माझ्याकडे लहानपणीचं जे पुस्तक आहे, त्याची पहिली चार पानं गेलेली आहेत आणि पाठ आत्याने जुन्या साडीच्या काठाने शिवलेली आहे. त्यात या प्रसंगाचं चित्र नाही, पण पानाच्या कडेला आत्याने पेन्सिलीने एक छोटी खुंटी काढून ठेवली आहे. फक्त खुंटी. ती का काढली असेल, हे मी तिला विचारलं नाही, कारण तेव्हा मला ती नुसती खुंटी वाटली होती. आत्या तरुणपणीच माहेरी परतलेली होती. आता ते पान उघडलं की मला गोष्ट कमी आणि ती जास्त दिसते.

तेव्हा मुलांच्या गोष्टीने असं व्हावं का, तर व्हावं. आणि आणखी एक सांगते, जे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. बिळाच्या दारात कावळ्याला ‘नाही’ म्हणताना उंदीर नुसता भक्ष्य म्हणून घाबरलेला नव्हता. सगे म्हणवणारे एका रात्रीत कसे जातात, हे तो आधीच बघून बसला होता. ही हकीकत आपल्याला मागाहून कळते, आणि तो नकार परत एकदा वेगळा ऐकू येतो. तरी त्याने दार उघडलं. घाईने नाही, अट घालून.

आता तुमच्या फोनबद्दल. कावळा उंदराला पाठीवर घेऊन तळ्यापाशी येतो ना, तेव्हा काय होतं आठवतं का? कासव त्याचं जुनं मित्र. कावळा खास त्याच्या ओढीने इतक्या लांब आलेला. आणि मंथरक दुरून बघतो, पाठीवर उंदीर बसवून येणारा हा कसला कावळा, काही बरं लक्षण दिसत नाही, आणि झटकन पाण्यात बुडी मारतो. जुना मित्र, आणि ओळखतच नाही!

कावळा काय करतो? तो परत जात नाही. उंदराला झाडाच्या ढोलीत ठेवतो, फांदीच्या शेंड्यावर बसतो आणि मोठ्याने सांगतो : मंथरका, ये रे बाहेर, मी तुझा मित्र लघुपतनक, फार दिवसांनी तुला भेटायला आलो आहे. नाव सांगतो, नातं सांगतो, आणि का आलो तेही सांगतो. मग पाणी हलतं. कासव वर येतं, डोळ्यांत पाणी, अंगावर रोमांच, आणि म्हणतं, फार दिवसांनी आलास, मी तुला ओळखलं नाही, म्हणून पाण्यात शिरलो, रागावू नकोस.

तुमच्या मैत्रिणीने “कोण?” विचारलं, तेव्हा तुम्ही फांदीवर बसायच्या आधीच उडून गेलात. चाळीस वर्षांनी, अनोळखी नंबरवरून, बदललेल्या आवाजात, ती दुसरं काय विचारणार होती? पुन्हा लावा. ती कोण म्हणाली की आधी तुमचं लग्नाआधीचं नाव सांगा, मग शाळेतला तुमचा बाक कितवा होता ते सांगा, आणि मग जरा थांबा.